मागून हाक

मुलांच्या मनावरचे घाव शाळेत कसे भरायचे, याचं प्रशिक्षण मी म्हसळ्याला घेतलं. खरं तर ते आमच्या तालुक्याला व्हायचं होतं, पण तिथल्या हॉलमध्ये त्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं, आणि लग्नापुढे मानसिक आघाताचं काय चालणार! पुण्याहून एक मुलगी शिकवायला आली होती. मुलगी म्हणजे चांगली बाई होती, पण माझ्या वयाला मुलगीच. तिने आम्हा सगळ्या शिक्षकांना डोळे मिटायला लावले आणि पोटात फुगा आहे अशी कल्पना करायला सांगितली. श्वास घेतला की फुगा फुगणार, सोडला की बसणार. आमच्या मुख्याध्यापकांना कल्पना करायची गरज नव्हती. त्यांचा फुगा शर्टाच्या बटणांना कित्येक वर्षं ताण देतोच आहे. थोड्याच वेळात ते घोरायला लागले. ती मुलगी कौतुकाने म्हणाली, "बघा, सर किती छान रिलॅक्स झाले!"

मला या प्रशिक्षणाला कुणी पाठवलं नव्हतं. मी भांडून गेले होते. आमची शाळा खाडीच्या दिघीकडच्या बाजूला, चौथीपर्यंतची, शिक्षक दोनच: मी आणि हे घोरणारे. मी राहते मुरुडच्या बाजूला. रोज सकाळी स्कूटर घेऊन आगरदांड्याला यायचं, फेरीबोटीत चढवायची, पलीकडे उतरायचं. इतकी वर्षं हे करतेय की बोटीवरचा पोऱ्या मला तिकीट विचारत नाही, फक्त आज डब्यात काय आहे ते विचारतो.

तर त्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या आणि पहिल्याच काही दिवसांत तिच्या बापाची होडी उलटली. बाकीचे पोहत, लाकडाला धरून वाचले. तिचा बाप सापडला नाही. त्यानंतर मुलगी शाळेत यायची, बाकावर बसायची, वही काढायची, लिहायला सांगितलं तर लिहायचीही. पण तोंडातून शब्द नाही. हजेरीला "हजर" नाही, पाढे नाहीत, भांडण नाही. आधी हीच मुलगी इतकी बडबडी होती की मी तिला दर आठवड्याला बाक बदलून द्यायची. आता मला तिची बडबड हवी होती आणि ती मिळत नव्हती.

तिच्या आत्याने मला बजावून सांगितलं होतं, "मुकीच बसनार आसंल तर शाळेचा उपेग काय? तळा गावाला आमच्या नात्यात एक घर हाय. तिथं ठेवू. घरकाम तरी शिकंल." आत्या विधवा, भावाच्याच घरी राहायची, आणि घरात तिचा शब्द चालायचा. मुलीची आई मासे विकायला बाजारात जायची आणि घरी आल्यावर मान खाली घालून असायची. म्हणजे गोष्ट अशी होती की मुलगी बोलली तर शाळेत राहणार होती, नाहीतर तळ्याला लोकांची भांडी घासणार होती. ते घर चांगलं असेलही. पण चौथीतल्या पोरीला भांडी घासायला पाठवणारा कुणीही मला चांगला वाटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

म्हणून मी भांडून प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक गुंडाळलेला तक्ता घेऊन आले. त्यावर गोल गोल चेहरे होते: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, गोंधळलेला. मुलांनी सकाळी येऊन आपल्या भावनेवर बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाने ओळीने गोंधळलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, अरे देवा, इतकी मुलं गोंधळलेली! मग कळलं की तो चेहरा हुबेहूब मुख्याध्यापकांसारखा दिसत होता आणि पोरं त्यांच्या नाकात बोट घालत होती. ती मुलगी मात्र तक्त्यापाशी गेली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

मग फुगा झाला, चित्रं झाली, मातीचे गोळे झाले. प्रत्येक उपक्रमाचा फोटो शिक्षण खात्याच्या ग्रुपवर टाकायचा, तोही ठिकाणासकट, नाहीतर मुलं आमच्या शाळेत दुःखी झाली की दुसऱ्या कुठल्या, हे वर कसं कळणार? 'मनातलं चित्र' या उपक्रमात त्या मुलीने कोरा कागद हातात धरला होता. तो फोटो टाकला तर वरून लगेच अंगठा आला आणि 'स्तुत्य' असा शेरा. मी मोबाईल टेबलावर आपटला.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्या पुण्याच्या मुलीने जाताजाता एक वाक्य सांगितलं होतं, ते तिच्या स्लाइडवर नव्हतं. हॉलबाहेर चहा पिताना मी तिला म्हटलं, "हे सगळं करूनही पोर नाही बोलली तर?" ती म्हणाली, "नाही बोलली तरी तुम्ही रोज दिसत राहा. ज्या मुलाचं माणूस अचानक गेलंय, त्याला रोज परत येणारं माणूस लागतं." हे तिला फुग्याच्या आधी सांगता आलं असतं.

खरी भानगड कळली ती मुख्याध्यापकांच्या विसराळूपणामुळे. एका दुपारी त्यांना मीटिंग होती. ते मोटारसायकलवर बसून निघाले आणि मोबाईल टेबलावर राहिला. तो आधी त्या मुलीला दिसला. तिने उचलला. तिच्या शेजारची मैत्रीण दारातून "सऽऽर" म्हणून ओरडायला तोंड उघडते न उघडते तोच या मुलीने तिच्या तोंडावर हात दाबला. मैत्रीण पण कमी नाही, ती कडकडून चावली. तरी हिने हात काढला नाही. मोटारसायकल वळणाच्या पुढे गेली तेव्हा काढला, आणि मोबाईल घेऊन अनवाणी रस्त्याने धावत सुटली. चढावर गाडी मंद झाली तिथे तिने त्यांना गाठलं. पुढे जाऊन, समोर उभं राहून मोबाईल दिला. तोंडातून शब्द नाही. परत आली तेव्हा हातावर दातांचे वण होते आणि पायाला रक्त.

मी चावणारीला धरलं. "काय गं, काय चाललंय तुमचं?"

ती म्हणाली, "बाई, तिला मागून हाक मारल्याली चालत न्हाय. तिनं बापाला मारली ना. डबा इसरला व्हता म्हणून. आनि पानी पन न्हाय दिलं. म्हनून तो आला न्हाय. तिची आत्या बोल्ली. सगल्यांना म्हाईत हाय."

सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या किराणावाल्याला माहीत असेल, बोटीवरच्या पोऱ्याला माहीत असेल. आम्ही इकडे पोटातला फुगा फुगवत बसलो होतो.

आता इथे मला आत्याला चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं, आणि मनात घातल्याही. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, मारलीच तर त्याने मागे फिरायचं, घोटभर पाणी प्यायचं, घडीभर बसायचं आणि मग निघायचं, हे आमच्याकडे कोण मानत नाही? समुद्रावर जाणाऱ्याच्या घरी तर फारच. मी बी.एड. झालेली बाई, विज्ञान शिकवते, आणि नवऱ्याने फाटकातून हाक मारली की अजून गुपचूप आत जाऊन पाणी पिऊन येते. वर त्याला ऐकवते की तहान लागली होती. फरक इतकाच की आम्हा मोठ्यांसाठी ते पाणी पिऊन संपतं, आणि ही पोर रोज सकाळी उठून आपण बापाला मारलं या समजुतीने दात घासत होती. या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी जाहीर केलं, "उद्यापासून मी निघाले की सगळ्यांनी मला मागून हाक मारायची. जोरात. जो मारणार नाही त्याला शुद्धलेखन."

वर्गात जल्लोष. ज्या गोष्टीसाठी घरी धपाटा मिळतो ती शाळेत गृहपाठ म्हणून मिळाली, आणखी काय पाहिजे! मुख्याध्यापक मात्र हादरले. "बाई, तुम्ही रोज पाण्यावरून जाता हो! काहीतरी काळवेळ बघा."

"सर, काळवेळ तुम्ही बघा. मी बोटीची वेळ बघते."

मग रोज संध्याकाळी मी स्कूटर सुरू केली की मागून गलका. "बाईऽऽ! ओ बाईऽऽ!" काही कार्टी तर फाटकापर्यंत पळत येऊन ओरडायची. मी वळून बघायची नाही, पाणी प्यायची नाही, सरळ निघायची. आणि सकाळी परत यायची. हीच माझी सगळी पद्धत. ही कुठल्याही स्लाइडवर नाही, आणि याचा फोटोही मी कधी टाकला नाही. वरून काय शेरा आला असता देव जाणे.

छाती काढून सांगण्यासारखं धैर्य माझ्यात नव्हतं, हेही सांगते. वारा असला की बोटीवर मी कठडा घट्ट धरून उभी राहायची आणि मनात गणपतीपासून मुरुडच्या पिरापर्यंत सगळ्यांना हात जोडून घ्यायची. गावातून तक्रारी आल्या. "बाईंचं डोकं फिरलं" असं एक जण मुख्याध्यापकांना म्हणाला, आणि त्यांनी ते मला विशेष आनंदाने सांगितलं.

ती मुलगी हाक मारत नव्हती. पण सकाळी मी वळणावरून दिसायच्या आधी ती फाटकाशी येऊन उभी राहू लागली. मी दिसले की वळून वर्गात जायची. माझ्याकडे बघून हसायचीसुद्धा नाही. नुसतं मोजून घेतल्यासारखं बघायची: आली, हातपाय जागेवर आहेत, ठीक.

असे किती दिवस गेले ते आठवत नाही, थंडी पडली होती. एका संध्याकाळी पोरांचा गलका होऊन संपला, मी गिअर नसलेल्या स्कूटरलाही गिअर टाकल्यासारखा हिसका देऊन निघाले, आणि मागून एकट्याच आवाजात, बसलेल्या घशातून आल्यासारखं ऐकू आलं, "बाई."

मी वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि रडणारी बाई पोरांना आठवडाभर पुरते. वळणापलीकडे जाऊन मात्र स्कूटर थांबवली आणि मनसोक्त नाक शिंकरलं. दिघीला बोटीला वेळ होता म्हणून वडापाव खाल्ला. इतका चांगला वडापाव मी आयुष्यात खाल्ला नव्हता. मग बोट आली, पलीकडे गेली. ओहोटी होती. आगरदांड्याच्या धक्क्याच्या उतारावर शेवाळ होतं, त्यावरून स्कूटर गेली आणि स्कूटरखाली मी गेले.

घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि महिनाभर पाय खाली टेकवायचा नाही म्हणाले. मला हाडाचं काही वाटत नव्हतं. मला डोळ्यांसमोर सकाळचं फाटक दिसत होतं. त्या पोरीने आयुष्यात दुसऱ्यांदा हिंमत केली होती, आणि दुसऱ्यांदाही हेच! मी मुख्याध्यापकांना फोन केला की शाळेत कुणालाही काही सांगू नका, उद्या मी येतेय.

"बाई, बोटीवरच्या पोऱ्याने कळवलं तसं मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं," ते म्हणाले. "हात जोडलेले टाकलेत खाली. आणि तुम्हाला सांगितलं होतं मी..."

मी फोन ठेवला. ग्रुपवर टाकलं म्हणजे गावभर झालं.

सकाळी नवरा म्हणाला, शाळेत जाशील तर बघ. मी म्हटलं, बघतेच आहे, व्हॅन काढ. आमची व्हॅन नारळ वाहायची. मागे नारळांच्या ढिगावर पाय पसरून मी बसले, आणि प्रत्येक खड्ड्याला नवऱ्याच्या माहेरच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, सगळ्या पिढ्यांचा उद्धार करत दिघीला उतरले. शाळेच्या फाटकाशी कुणीही नव्हतं. वर्गातही ती नव्हती. चावणारी म्हणाली, "ती येनार न्हाय. कालपासून जेवली पन न्हाय."

व्हॅन तिच्या घरी नेली. नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत मी ओट्यावर चढले. ती आतल्या खोलीत जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसली होती, गुडघ्यात डोकं. आत्या दारातच उभी होती. माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाली, "बगितलंव? सांगितलं व्हतं न्हाय?"

प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलाशी शांत, खालच्या आवाजात बोला. मी तशीच आत शिरले आणि ओरडले.

"अगं, वर बघ! मी आलेय की नाही? तू हाक मारलीस, मग मी वडापाव खाल्ला, मग बोटीत बसले, मग शेवाळावर घसरले. मग वडापाववाल्याला का नाही धरत? त्याला फाशी द्यायची का?"

तिने वर बघितलं. पायाकडे बघितलं आणि परत डोकं गुडघ्यात घातलं. माझा सगळा युक्तिवाद त्या जाळ्यांवर जाऊन पडला. इतक्या दिवसांचं सगळं फुकट गेलं असं मला त्या क्षणी वाटलं, आणि पायही भयंकर दुखत होता.

मुलीची आई चुलीपाशी होती. बाजारात जायची टोपली भरलेली तशीच ठेवली होती. ती कधी माझ्याशी दोन वाक्यांच्या वर बोलली नव्हती. ती उठली नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. चुलीकडे बघतच म्हणाली, "मी बी मारायची."

"काय?" आत्या म्हणाली.

"हाक. दर खेपंला. तो काय तरी इसरायचाच. कवा डबा, कवा तंबाकू, कवा चपला. लग्न झाल्यापासून मी इथनं बोंबलायची आनि तो तिथनं शिव्या देत मागं यायचा. पानी कवा प्यायला न्हाय. घ्यायचा नि जायचा. आनि यायचा परत. दर खेपंला आला." तिने चुलीत लाकूड सारलं. "त्या दिशी मी बाजारात व्हते. म्हनून हिनं मारली. माझं काम हिनं केलं."

"मंग इतके दिस बोल्ली का न्हाईस?" आत्याचा आवाज चिरकला.

"तू पोरीला बोल्लीस. मी सांगितलं आसतं तर मला बोल्ली आसतीस. मला वाटलं, माज्यावर यील. म्हनून गप बसले." हे ती आत्याला सांगत होती, पण बघत होती पोरीकडे.

नवरा माझा हात खांद्यावरून काढू का असं खुणेने विचारत होता, मी त्याला चिमटा काढला.

पोरीने डोकं वर केलं होतं. ती आईकडे बघत होती, आणि काहीतरी मनात जुळवत होती. वजाबाकीत हातचा घेताना ती अशीच कपाळाला आठी घालते. मग तिने विचारलं, "तू घरी आसतीस तर तू मारली आसतीस?"

"व्हय."

"मंग आत्या तुला बोल्ली आसती."

"व्हय, बाय."

पोर म्हणाली, "मंग बरं झालं मी व्हते."

मी पुष्कळ मुलं शिकवली. पुष्कळांना मारलं, पुष्कळांचं कौतुक केलं. पण एका पोरीने आईवरचा आळ आपल्या अंगावर आला म्हणून समाधान मानावं, ते माझ्याच्याने बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं. आई चुलीपाशीच पदरात तोंड खुपसून रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती असं गावात म्हणत, आणि त्यावरूनही तिला नावं ठेवत.

आत्या दारात उभी होती ती खाली बसली. भाऊ तिचाही गेला होता, हे इतके दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कुणावर तरी ढकलल्याशिवाय तिला ते सोसत नव्हतं, आणि घरात सगळ्यात हलकं माणूस ही पोर होती. मग आत्या उठली, दोरीवरचा शाळेचा फ्रॉक खेचून काढला, झटकला, फणी घेतली आणि पोरीचा दंड धरून तिला पुढ्यात बसवलं.

"बाई, तुमी भायर बसा," ती मला म्हणाली. "तिला उशीर व्हतोय शालंत जायाला."

तळ्याचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. नवऱ्याने मला ओट्यावर नेऊन बसवलं. आतून फणीचा आवाज येत होता. मी पाय लांब करून, डोळे पुसून, मुख्याध्यापकांचे आलेले फोन कापत बसले होते, तेवढ्यात आतून पोर गावभर ऐकू जाईल अशी किंचाळली, "आत्या! केस वडू नको! दुकतंय!"

"हल नको मंग," आत्या म्हणाली.

"मी कुठं हलतेय? तूच वडतेस!"

आणि मग दोघींचं जे भांडण जुंपलं ते वेण्या होईपर्यंत चाललं. मी त्यांना घाई केली नाही.